पाठवणीपुरते पाहुणे

दुसऱ्यांच्या मुलींच्या पाठवणीत माझ्या साडूंइतका रडलेला माणूस या पृथ्वीतलावर आजवर झालेला नाही, आणि क्लॅरिनेट वाजवणारे बँड ज्या वेगाने बंद पडत आहेत तो पाहता पुढे होण्याचीही शक्यता नाही. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं माणूस स्वतः निवडत नाही. दोन बहिणी आपापल्या बुद्धीप्रमाणे एकेक चूक करतात आणि त्या दोन चुकांना आयुष्यभर एकाच पंगतीत शेजारी शेजारी बसून जेवावं लागतं. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, तेही मला साडूभाऊ म्हणतात, त्यामुळे आमचं बोलणं भिंतीपलीकडून कुणी ऐकलं तर एकच माणूस स्वतःशी भांडतोय असं त्याला वाटेल. मी बँकेत आयुष्य काढून निवृत्त झालो. ते लेखक आहेत. म्हणजे एक कादंबरी लिहिण्याइतके होते, आणि त्यानंतर ते दुसरी न लिहिणारे लेखक झाले. हे काम त्यांनी पहिल्यापेक्षा जास्त निष्ठेने केलं.

पहिली कादंबरी चांगली आहे. साडू असूनही मला हे कबूल करावं लागतं, कारण ती वाचताना शेवटी दरवेळी मी चष्मा पुसलेला आहे. तिचा जन्म असा झाला. साडूभाऊंच्या धाकट्या बहिणीचं लग्न गावाकडे होतं आणि बँड शहरातून नेला होता. संध्याकाळी नवरी जीपमध्ये बसली, बायकांनी गळा काढला आणि क्लॅरिनेटवाल्याने पाठवणीची एक धून धरली. तिशीतले साडूभाऊ तेव्हा मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत भरत होते. ते खुर्ची हातात धरून तसेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी शहरात येऊन जे लिहायला बसले ते कादंबरी संपवूनच उठले. तिच्यातली मुलगी सासरी जाते, सोसते आणि शेवटच्या पानावर मरते. वाचकांना ती फार आवडली. आवडली नाही ती फक्त जिच्यावरून लिहिली त्या बहिणीला. ती भोकरदनकडच्या एका गावात अत्यंत मजेत आहे, पिठाची गिरणी चालवते, नवऱ्याला धाकात ठेवते आणि भेटेल त्याला सांगते, "दादानं मला पुस्तकात मारून टाकलं बघा. अन् बदल्यात एक साडी नाय की चोळी नाय." साडूभाऊंना तिच्या सुखाचा थोडा त्रासच होतो. दर दिवाळीला ती आली की यंदा तरी हिचं काही बिनसलं असेल अशा आशेने ते तिच्याकडे बघतात, आणि ती आणखी जाड होऊन आलेली असते.

त्या एका संध्याकाळवरून त्यांनी असा सिद्धांत बांधला की लिहिणं अडलं की दुःखी संगीत ऐकावं. सिद्धांत वाईट नाही. मीसुद्धा बँकेत ताळमेळ लागेना की चहा प्यायचो. पण मी चहा पिऊन परत टेबलाशी यायचो. साडूभाऊ दुःखी संगीताकडे गेले ते तिकडेच राहिले. वाळूजच्या एका कारखान्यात ते स्टोअर्समध्ये होते. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा सगळ्यात आधी सही यांची. आता पूर्ण वेळ लिहिणार, असं त्यांनी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर आम्हाला जिलेबी खाऊ घालून जाहीर केलं. माझी मेहुणी, जिला मी बायकोचं पाहून अक्का म्हणतो, शाळेत शिकवते. तिने त्या दिवशी जिलेबी वाढली, स्वतः खाल्ली नाही. पुढे लोक विचारायचे, "काय लिहिताय सध्या?" त्यावर साडूभाऊ डोळे अर्धे मिटून म्हणायचे, "चाललंय आत." एकदा अक्का तिथेच भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आत म्हणजे माझ्या शाळेच्या पगारात. तिथंच चाललंय सगळं."

लग्नसराई लागली की साडूभाऊंचा दिनक्रम बदलायचा. सकाळी अंघोळ, इस्त्रीचा सदरा, मग टेबलाशी बसणं. कागदावर 'प्रकरण पहिलं' एवढं लिहून त्याखाली रेघ मारायची. ती रेघ इतकी सुंदर असायची की तिच्याखाली काही लिहिणं म्हणजे तिचा अपमान वाटावा. दुपारपर्यंत रेघ वाळायची, आणि ऊन उतरलं की साडूभाऊ स्कूटर काढून बीड बायपासला जायचे. तिथे मंगल कार्यालयं आणि लॉन्स ओळीने उभी आहेत. ते फाटकापाशी थांबून नुसतं कान द्यायचे. जिथे क्लॅरिनेट तिथे आत. जेवायचे कधीच नाहीत, हा त्यांचा बाणा. बरोबर पाठवणीच्या वेळेला पोहोचायचे, मुलीच्या बापाच्या उजव्या हाताला उभे राहायचे आणि पहिला सूर निघाला की रडायला सुरुवात. हुंदका नाही, आवाज नाही, नुसती धार. मुलीकडच्यांना वाटायचं हे मुलाकडचे कुणी थोर मनाचे गृहस्थ आहेत. मुलाकडच्यांना वाटायचं हा मुलीचा मामा. आपल्याकडे मांडवातून रडणारा पाहुणा रिकामा पाठवत नाहीत. कुणीतरी धावत यायचं, यांच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवायचं, खांद्यावर टॉवेल टाकायचं, हातात नारळ द्यायचं. साडूभाऊ रडता रडता नमस्कार करायचे.

एका उन्हाळ्यात त्यांच्या कपाटातली पुस्तकं काढून टॉवेल ठेवावे लागले. अक्काने टोप्या डब्यांवर झाकणासारख्या घालून पाहिल्या, भांडी धरायला वापरल्या, शाळेच्या नाटकाला दिल्या, तरी उरल्या. एकदा तर चिकलठाण्याला माझ्याच शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही रीतसर निमंत्रित, आहेर वगैरे घेऊन गेलेलो. मला कुणी विचारलं नाही. पाठवणीच्या वेळी बघतो तर साडूभाऊ टोपी-टॉवेल घेऊन वधूपित्याच्या गळ्यात पडलेले, आणि वधूपिता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत सांगतोय, "आता असं करून कसं चालंल मामा, धीर धरा." शेजारी नंतर मला म्हणाले, "मुलाचे मामा लई हळवे हायेत हो." मी मान हलवली. माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं, पण अशा वेळी खरं सांगून कुणाचं भलं होतं?

घरी आल्यावर ते ही सगळी रडारड पुन्हा ऐकायचे. आधी टेपरेकॉर्डर होता, पुढे मोबाइल आला. त्यांच्याकडे जिल्ह्यातल्या पाठवण्यांचा जेवढा संग्रह होता तेवढा कुठल्याही संस्थेकडे नसेल, कारण कुठल्याही संस्थेला तो नको होता. कानाला लावून ते मला समजावून सांगायचे, "हे बघा साडूभाऊ, ही गंगापूरकडची मंडळी. यांच्या बायका धुनेच्या मागोमाग रडतात, सूर सोडत नाहीत. अन् हे पैठणकडचे. आधी रडून घेतात, मंग बँडाला वाव." मी विचारायचो, "आणि कादंबरीत हे कुठे येणार?" ते माझ्याकडे फार दयेने बघायचे. बँकेतल्या माणसाला हे कळायचं नाही, असा त्या दयेचा अर्थ. त्या दयेची मला भयंकर चीड यायची. अजून येते.

त्यांच्या आवडत्या बँडातले क्लॅरिनेटवाले हमीदभाई हे मात्र त्यांना मनापासून कंटाळले होते. उस्मानपुऱ्यातच बँडवाल्यांची खोली होती. लग्नं नसली की साडूभाऊ तिथे जाऊन बसायचे आणि 'ती' धून मागायचे. तिचं नाव ते कधी घेत नसत, नुसतं 'ती'. ऐन श्रावणात, भर दुपारी, समोरच्या गॅरेजमध्ये गाडीला हवा भरणं चाललेलं असताना हमीदभाईंनी नवरी नसलेली पाठवणी किती वेळा वाजवली असेल त्याला गणती नाही. एकदा मी साडूभाऊंना शोधत तिथे गेलो तेव्हा हमीदभाई क्लॅरिनेट पुसत त्यांना सांगत होते, "साहेब, खोलीवर या, इथं रडा, आपल्याला काय नाय. पन शादीत तुम्ही बाप के पहले कायकू रोते? बाप तुमच्याकडं बघत बसतो, मंग उसको रोनाच नहीं आता. आमचं सगळं बजाना फुकट जातं ना." साडूभाऊंनी डोळे पुसले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "पुढच्या वेळी मागं उभा राहीन." त्यांना त्यात विनोद दिसला नाही. हमीदभाईंनाही दिसला नाही. मला दिसला, पण मी तो घरी येईपर्यंत दाबून धरला.

खरं निदान अक्काने फार आधी केलं होतं. एका दुपारी ती वह्या तपासत बसली होती, आतल्या खोलीत मोबाइलवर कुणाची तरी लेक सासरी चालली होती आणि साडूभाऊ डोळे मिटून बसले होते. अक्का मला म्हणाली, "भाऊजी, पहिल्या वेळी या माणसानं रडू दाबून धरलं होतं. हातात खुर्ची होती, मांडवात पाहुणे होते, रडता आलं नाय. म्हणून ते पुस्तकात उतरलं. आता रोज रडून मोकळे होतात. मंग लिहायला काय राहतं?" मी म्हणालो, हे त्यांना सांगा. ती म्हणाली, "सांगितलं. तर त्याच्यावर पण रडले." तिने लाल पेनाने पुढच्या वहीवर बरोबरची खूण केली. त्या बाईने आयुष्यभर घर चालवलं, मुलगी शिकवली, नवऱ्याच्या टेबलावरची धूळ रोज पुसली आणि ज्या पुस्तकासाठी हे सगळं केलं त्याची फक्त रेघ पाहिली. साडूभाऊंच्या दुःखाबद्दल कुणी हळवं बोलायला लागलं की मला तिचं ते लाल पेन आठवतं.

त्यांची मुलगी रेवा या सगळ्यात वाढली. लहानपणी शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, तर ती सांगायची, "लग्नाला जातात." पुढे ती पुण्याला नोकरीला लागली, तिथलाच एक मुलगा तिने निवडला, मूळचा जालन्याचा. दोन्ही घरांना पसंत पडला. लग्न ठरवायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी पहिली कादंबरी वाचलेली निघाली. ते म्हणाले, "आम्हाला काय देणंघेणं नको. लेखकाच्या घरची लेक येऊ राहिली, मंगलाष्टक तेवढं तुमच्या हातचं पाहिजे." आपल्याकडे घरात कुणी चार अक्षरं जुळवणारा असला तर लग्नात त्याचं मंगलाष्टक होतंच, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. अंतरपाटामागे मुलगी हार घेऊन उभी असताना बापाने माइकवर तिच्यासाठी रचलेल्या ओळी म्हणायच्या, यात नवल काहीच नव्हतं. साडूभाऊंचा चेहरा मात्र ताप आल्यासारखा झाला.

पाहुणे गेल्यावर रेवा त्यांच्यासमोर बसली. मी आणि माझी बायको तिथेच होतो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही गावातल्या सगळ्या पोरींसाठी रडलात. मी कधी काही बोलले नाही. मला दागिना नको, कादंबरी नको. चार ओळी द्या. पण माझ्या द्या." साडूभाऊ म्हणाले, "देतो की." रेवा म्हणाली, "बघा हं. मी त्या लोकांना हो म्हटलंय." एवढं बोलून ती उठली आणि कपबशा आत घेऊन गेली. मला वाटलं, चला, आता हा माणूस लिहील. कादंबरीला आभाळाएवढी जागा लागते, चार ओळींना काय, अंतरपाटाएवढी पुरे.

त्यावर साडूभाऊंनी काय करावं? त्या मोसमात ते आधीपेक्षा दुप्पट पाठवण्यांना गेले. पोटच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, घरात पत्रिका, बस्ता, आचारी, आणि हे रोज संध्याकाळी कुणाची तरी टोपी घालून परत. एव्हाना हमीदभाईंचा बँड मोडला होता. लोकांना डीजे हवा होता. हमीदभाई रिक्षा चालवायला लागले होते आणि क्लॅरिनेट घरी कपाटावर होतं. त्यामुळे साडूभाऊंना धुनेसाठी लांब लांब जावं लागायचं. बजाजनगरपासून करमाडपर्यंत जिथे म्हणून अजून कुणी फुंकत होतं तिथे हा माणूस पोहोचला. घरी मुलीचा हळदीचा दिवस आला तरी टेबलावर 'मंगलाष्टक' हा मथळा, त्याखाली रेघ आणि रेघेखाली पांढरं शुभ्र.

हळदीच्या दिवशी अक्काने मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तुम्हीच काहीतरी जुळवा. त्यांच्या हातात देऊ. वाचून टाकतील. पोरीची शोभा नको व्हायला." मी आयुष्यात कर्जवसुलीच्या नोटिशींखेरीज काही लिहिलं नव्हतं. तरी बसलो. ते वृत्त म्हणजे काय प्रकरण असतं ते मला त्या दिवशी समजलं. आठव्या-नवव्या अक्षराला मला घाम फुटायचा आणि ओळीच्या शेवटी पोहोचलो की सुरुवात लंगडायची. शेवटी दोन्ही घराण्यांची नावं, एक चंद्र, एक चांदणी आणि गजानन महाराज घालून मी चार ओळी पुऱ्या केल्या. वाईट होत्या. पण होत्या. साडूभाऊंच्या हातात दिल्या तेव्हा त्यांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "उपकार झाले साडूभाऊ." मला खरं सांगायचं तर जरा जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बीड बायपासच्याच एका लॉनवर लग्न. जालन्याहून बसगाड्या भरून माणसं आली होती. स्टेजवर अंतरपाट धरलेला, अलीकडे रेवा, पलीकडे जावई, प्रत्येकाच्या मुठीत रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता. गुरुजींची दोन मंगलाष्टकं झाली आणि त्यांनी माइक वधूपित्याकडे दिला. मुहूर्ताला अजून थोडा अवकाश होता. साडूभाऊंनी खिशातून माझा कागद काढला, उघडला. त्यांच्या ओठांची हालचाल मला पहिल्या रांगेतून दिसत होती. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग रेवाकडे पाहिलं, आणि कागदाची परत घडी घातली. माइक तोंडाशी तसाच. मी मनात म्हणत होतो, वाचा हो, चंद्रापासून सुरू करा, पुढचं आपोआप येईल. ते गप्प उभे होते.

आता लॉनवरची माणसं काही कान देऊन ऐकत नसतात. त्यांना एवढंच ठाऊक असतं की माइकवरचा माणूस थांबला की अक्षता टाकायच्या. मागच्या रांगेतून कुणा भुकेल्याने टाकल्या. त्याचं बघून पुढच्यांनी टाकल्या. मग सगळ्या मांडवाने टाकल्या. अक्षतांचा पाऊस पाहून डीजेवाल्या पोराला वाटलं लग्न लागलं, त्याने बटण दाबलं. वाजंत्रीच्या आवाजाने अंतरपाट धरणारे दचकले आणि त्यांनी तो खाली सोडला. टाळ्या, शिट्ट्या, कागदी फुलांचे स्फोट. गुरुजी हात वर करून "अहो थांबा, मुहूर्त व्हायचाय" म्हणून ओरडत होते ते फक्त मला आणि फोटोग्राफरला ऐकू आलं. जावयाने हार पुढे केला. रेवा त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माइककडे बघत होती. लोकांच्या मुलींची लग्नं मंगलाष्टकांवर लागतात, आमच्या रेवाचं लग्न तिच्या बापाच्या गप्प उभं राहण्यावर लागलं.

जेवताना जालनेकर एकमेकांना सांगत होते, "मुलीच्या बापाला गहिवरून आलं, शब्दच फुटंना." गहिवर वगैरे काही नव्हता. मी समोर होतो. डोळे कोरडे होते. पंगत उठल्यावर मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, निदान माझं तरी वाचायचं होतं. ते म्हणाले, "तुमचं वाचलं असतं, साडूभाऊ. पण ती म्हणाली होती, माझ्या द्या." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुमच्या दुसऱ्या ओळीत वृत्त चुकलंय." त्यांच्यावर हात टाकावा इतका राग मला आला होता, पण त्या माणसाकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी पाठवणी. साडूभाऊंनी हमीदभाईंना आग्रहाने बोलावलं होतं. ते रिक्षा फाटकाशी लावून, क्लॅरिनेट कापडात गुंडाळून आले. डीजे बंद करायला लावला. गाडी सजवून उभी होती. हमीदभाईंनी ओठ ओले केले आणि 'ती' धून धरली. इतक्या दिवसांनी वाजवत होते, सुरुवातीला सूर फाटला, मग लागला. अक्का रडली, माझी बायको रडली. गिरणीवाली बहीण तर खाली बसून रडली. जालन्याचे सोयरे रडले, आचारी झारा हातात घेऊन रडला. मी रडलो हे सांगायला मला लाज नाही. रडले नाहीत ते फक्त साडूभाऊ. ते आपले खांद्यावर शेला घेऊन, ताठ, एखाद्या ऑफिसबाहेर नंबर यायची वाट बघत असल्यासारखे उभे. हमीदभाई वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघत होते. रेवा पाया पडायला वाकली, उठली, आणि हळूच म्हणाली, "बाबा, आज नाही का?"

ते म्हणाले, "येईना गं."

"असू द्या," ती म्हणाली. "सवय आहे मला." आणि तीही न रडता गाडीत बसली. हमीदभाईंनी धून मध्येच सोडली.

त्यानंतर त्यांच्या घरातलं संगीत बंद झालं. त्यांनी मोबाइलमधल्या सगळ्या पाठवण्या काढून टाकल्या. टॉवेल अक्काने शाळेत वाटले. साडूभाऊ कुठे जात नसत, रडत नसत, नुसते टेबलाशी बसत. मला आधीचे ते परवडले असते. रडणाऱ्या माणसाची निदान टिंगल तरी करता येते. रेवा फोन करायची तो आईला. बाबांनी घेतला तर तब्येत कशी आहे, गोळ्या घेता का, एवढं विचारून म्हणायची, "आईला द्या."

परवा त्यांचा मला फोन आला, या. गेलो. त्यांच्याकडे पाण्याचा दिवस होता. आठवड्यातून कधीतरी येणारं ते पाणी, त्यामुळे जिन्यापासून सगळीकडे बादल्या, पिंपं, पातेली. साडूभाऊ टेबलाशी बसले होते आणि समोरच्या कागदावर रेघ नव्हती, अक्षरं होती. त्यांनी स्पीकरवर फोन लावला, रेवाने उचलला, आणि ती आईला द्या म्हणायच्या आत ते म्हणाले, "तुझं मंगलाष्टक झालंय." त्यांनी म्हणायला सुरुवात केली. गळा बेसूर, चाल नेहमीची. पहिलीच ओळ होती, 'दारी वाजत राहिले सुर किती, मी राहिलो मूक गे.' मधल्या ओळींत अक्का होती, तिचं लाल पेन होतं, शाळेत 'लग्नाला जातात' म्हणणारी मुलगी होती. चंद्र नव्हता, चांदणी नव्हती. शेवट होता, 'बापाला उशिरा सुचे, तुज मुली, कुर्यात् सदा मंगलम्.' मला वृत्तातलं कळत नाही. पण पहिल्या कादंबरीच्या वेळी जसा चष्मा काढावा लागायचा तसा काढावा लागला.

रेवा म्हणाली, "चांगलं झालंय, बाबा." आणि नंतर, फार थकल्यासारखी, "पण आता याचं मी काय करू?"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही बँकेतल्या माणसाला ते ठाऊक असावं. मी नळाच्या धारेकडे बघत राहिलो. बादली भरून वाहत होती आणि ती बदलायचं कुणाला सुचत नव्हतं.

"म्हणा परत," रेवा म्हणाली. "पहिल्यापासून."

त्यांनी परत म्हटलं. या वेळी आवाज दोन ठिकाणी कापला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात बसून भाकरीसाठी ज्वारी निवडत होती. पहिल्या ओळीलाच तिचा हात थांबला, तिसऱ्या ओळीला तिने मूठ भरून घेतली. 'सावधान' आलं तेव्हा मला वाटलं ती आता अक्षता म्हणून टाकणार. तिने मूठ तशीच धरून ठेवली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग बोटं सैल केली. ताटात ज्वारी पडल्याचा आवाज झाला, तेवढा फोनवर रेवालाही ऐकू गेला असणार.

"आई आहे का तिथं?" तिने विचारलं.